मंडळाचे पुस्तक, लेखकाचा हक्क : पार्श्वभूमी

छंदमंडळाने काढलेल्या पुस्तकाच्या लेखकाला काय मिळावे, ही चर्चा बहुतेक वेळा रॉयल्टीच्या टक्केवारीवर येऊन अडकते. वास्तविक टक्केवारी हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. तिकिटांच्या छपाईतले दोष, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची इंजिने, निवडुंगाच्या एकाच प्रजातीचे प्रकार, असल्या विषयांवरचे पुस्तक काही शे प्रतींच्या पुढे सहसा जात नाही. त्यावर दहा टक्के काय आणि बारा टक्के काय! भांडणे होतात ती पुस्तक कोणाच्या ताब्यात राहणार आणि किती काळ, यावरून.

प्रकाशनात संस्थांनी हात पोळून घेणे नवे नाही. लंडनमधल्या एका विद्वत्सभेने १६८६ मध्ये माशांवरचा एक सचित्र ग्रंथ काढला. तो खपला नाही, आणि पुढच्याच वर्षी आलेला गतिशास्त्रावरचा युगप्रवर्तक ग्रंथ छापायला सभेकडे पैसाच उरला नाही. तो खर्च सभेच्या एका पगारी लेखनिकाने पदरमोड करून केला. त्याच लेखनिकाला पगारापोटी सभेने काय देऊ केले, तर माशांच्या ग्रंथाच्या न खपलेल्या प्रती. पैशांऐवजी प्रती देण्याची ही रीत आजच्या मंडळांनीही निष्ठेने चालू ठेवली आहे.

एकोणिसाव्या शतकात वर्गणीवर चालणाऱ्या ग्रंथमंडळ्या निघाल्या. १८४४ मध्ये निसर्गविज्ञानासाठी, १८४७ मध्ये जीवाश्मांसाठी. व्यापारी प्रकाशक ज्याला हात लावणार नाही असे पुस्तक सभासदांच्या वर्गणीतून छापायचे, ही कल्पना तिथे पक्की झाली. लिहिणारा, वाचणारा आणि कार्यकारिणीत बसणारा बहुधा एकाच वर्तुळातला, त्यामुळे मोबदल्याचा विषय फारसा निघत नसे. त्याच काळात व्यापारी प्रकाशनात ‘खर्च वजा जाता निम्मा नफा’ ही पद्धत होती, आणि खर्चाचे आकडे फुगवले जात असल्याने नफा उरतच नसे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या लेखकांच्या एका संघटनेने हे हिशोब चव्हाट्यावर आणले. मंडळांनी मात्र ‘आधी खर्च निघू दे’ हे वाक्य तसेच ठेवले. त्यांच्या हिशोबात लबाडी क्वचितच असते, पण तो हिशोब लेखकाला दाखवण्याची पद्धतही क्वचितच असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑफसेट छपाई आवाक्यात आली आणि छंदमंडळे पुस्तकांकडे वळली. तेव्हापासूनचा मंडळांचा युक्तिवाद असा : संपादक फुकट काम करतो, नकाशे काढणारा फुकट, टपालाने प्रती पाठवणारा फुकट, मग लेखकालाच वेगळा न्याय का? ऐकायला हे समतेचे वाटते. पण संपादकाचे काम पुस्तक निघाले की संपते, लेखकाने मात्र वर्षानुवर्षे जमवलेल्या नोंदी एका ठरावासरशी मंडळाच्या होतात. शिवाय अनेकदा करार नसतोच, इतिवृत्तात एक ओळ असते. अमेरिका, ब्रिटन आणि भारत या तिन्ही देशांच्या कायद्यांत प्रताधिकाराचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. नुसता कार्यकारिणीचा ठराव हाती असेल, तर मंडळाकडे छापण्याची परवानगी असते, मालकी नसते. हे मंडळांना सहसा दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी कळते.

खरा गुंता ‘आवृत्ती संपली’ या दोन शब्दांत आहे. जुन्या करारांत कलम सरळ असे : प्रती संपल्या, लेखकाने नोटीस दिली आणि ठरलेल्या मुदतीत, म्हणजे बहुधा सहा महिन्यांत, पुनर्मुद्रण झाले नाही, तर हक्क लेखकाकडे परत. प्रती कपाटात आहेत की नाहीत, एवढेच बघायचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मागणीनुसार एकेक प्रत छापणे शक्य झाले आणि या कलमाचा पायाच निसटला. पुस्तक कधी संपणारच नाही, तर हक्क परत कधी यायचे? २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्रकाशकाने आपल्या नमुना करारातून किमान विक्रीची अट, म्हणजे विक्री ठरलेल्या आकड्याखाली गेली तर हक्क परत देण्याचे कलम, काढायला घेतली. पुस्तक कोणत्याही स्वरूपात मिळत असेल तर हक्क त्याच्याकडेच राहणार होते. लेखक आणि त्यांचे एजंट खवळले. काही आठवड्यांतच प्रकाशक मवाळ झाला आणि किमान उत्पन्नाच्या अटीवर बोलायला तयार झाला. तेव्हापासून ‘वर्षात इतक्या प्रती किंवा इतके उत्पन्न, त्याखाली गेले तर हक्क परत’ ही मागणी लेखकांच्या बाजूने ठामपणे होऊ लागली.

मंडळांपर्यंत या भांडणाचा फक्त अर्धा भाग पोचला. पीडीएफ सभासदांसाठी ठेवली की पुस्तक ‘उपलब्ध’, हा अर्थ त्यांनी उचलला. किमान विक्रीचा आकडा उचलला नाही. मंडळांची बाजूही ऐकायला हवी. शे-दोनशे न विकलेल्या प्रती एखाद्या सभासदाच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असतात, गुंतवणूक जेमतेम निघत असते, आणि नेमक्या त्याच वेळी लेखक सुधारित आवृत्ती दुसरीकडे नेतो, हे कोणाला रुचेल? पण त्यावर उपाय ठरावीक मुदतीचा, बेमुदत कब्जाचा नव्हे. पाच-सात वर्षांचा एकाधिकार आणि नंतर दोघांनाही छापण्याची मुभा, एवढ्याने बहुतेक तंटे मिटले असते. विषयात रोज नवी माहिती सापडत असताना चुका दुरुस्त करण्याचा अधिकार लेखकाला नसणे, हे तर वाचकाच्याही मुळावर येते.

जुन्या पुस्तकांच्या स्कॅनिंगने त्यात भर घातली. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र लेखकांचे लेख परवानगीविना डेटाबेसमध्ये घालणे बेकायदा ठरवले. उलट, एका सचित्र मासिकाने आपले १०८ वर्षांचे अंक पानांसकट जसेच्या तसे सीडीवर काढले होते, ते २००८ मध्ये दुसऱ्या एका न्यायालयाने ग्राह्य धरले. मंडळे या दुसऱ्या निकालाचा दाखला आनंदाने देतात. पण तो नियतकालिकांपुरता आहे, स्वतंत्र पुस्तकांना लागू होत नाही. पुस्तकांबाबत २००१ मध्येच न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने ‘पुस्तकरूपात’ छापण्याच्या हक्कात ई-बुक येत नाही, असे प्रथमदर्शनी मत दिले होते. करार करताना अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाचे काय, यावर देशोदेशी उत्तरे वेगळी आली. जर्मनीत असे हक्क आगाऊ देता येत नसत. २००८ पासून लेखी करार असेल तर देता येऊ लागले. भारताने २०१२ च्या दुरुस्तीने, नव्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर हस्तांतर त्याला लागू होणार नाही, असे ठरवले.

ताजा पेच कृत्रिम बुद्धिमत्तेचा. एका बड्या शैक्षणिक प्रकाशकाने आपला मजकूर तंत्रज्ञान कंपनीला वापरायला दिल्याचे २०२४ मध्ये उघड झाले आणि आम्हाला कोणी विचारलेच नाही, अशी तक्रार काही लेखकांनी केली. छंदमंडळांकडचा मजकूर थोडा, पण तो इतरत्र कुठेच नसतो, त्यामुळे असा प्रस्ताव त्यांच्याकडेही येऊ शकतो. आला, तर ‘सर्व हक्क मंडळाकडे’ ही इतिवृत्तातली ओळ त्याला पुरणार नाही.