हुरडा-पोपटी पार्टी: मधली रेघ काढून टाका

थंडी पडली की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फार्महाउसच्या जाहिराती फिरायला लागतात. ‘हुरडा-पोपटी पार्टी’, माणशी अमुक इतके, त्यात नाश्ता, जेवण, स्विमिंग पूल आणि रात्री डीजे. त्या दोन शब्दांमधली छोटी रेघ मला दर वर्षी खटकते. हुरडा म्हणजे भाजलेले ज्वारीचे कोवळे दाणे, पोपटी म्हणजे मडक्यात शिजवलेल्या वालाच्या शेंगा. हंगाम साधारण एकच, दोन्ही उघड्यावर आणि दोन्हीत जाळ, एवढंच काय ते साम्य. पीक वेगळं, मुलूख वेगळा आणि मुख्य म्हणजे शिजण्याची रीत वेगळी. ही रीत माहीत नसल्यामुळे लोक भरपूर पैसे मोजतात आणि धड हुरडा नाही, धड पोपटी नाही असं काहीतरी खाऊन घरी येतात.

हुरडा बहुतेकांना माहीत आहे. खारघर-कामोठ्यातली बरीच घरं घाटावरची, त्यांना मी काय सांगणार? रब्बी ज्वारीचं कोवळं कणीस, गोवऱ्यांची आगटी म्हणजे खड्ड्यातला विस्तव, हातावर चोळून फुंकलेला कोंडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. ज्वारीचं वाण गूळभेंडी की सुरती यावर घराघरांत वाद असतात, ते त्यांनी खुशाल घालावेत. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ज्वारी सोलापूरची, अहिल्यानगरची, मराठवाड्याची. रायगड-ठाण्याची जमीन भाताची आहे, इथे ज्वारीची शेतं नाहीत. त्यामुळे पनवेल-कर्जतच्या फार्महाउसवर मिळणारा हुरडा घाटावरून पोत्यात भरून आलेला असतो, नाहीतर सोललेला, पिशवीत बंद. हुरड्याचा दाणा जेमतेम काही दिवसच त्या अवस्थेत राहतो आणि कणीस तोडून ठेवलं की त्याची गोडी उतरते. तो कढईत गरम करून वाटीत घालून दिला तर खावा, वाईट लागत नाही. पण त्याला हुरडा पार्टीचे पैसे देऊ नयेत. ते पैसे शेताच्या बांधावर, आगटीशेजारी बसण्याचे असतात. त्यासाठी घाट चढून जावं.

पोपटी मात्र इथलीच. पनवेल, उरण, पेण, अलिबाग हा तिचा मुलूख. भात कापून झाला की त्याच जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते, ती साधारण होळीपर्यंत. नवी मुंबईतल्या मूळ गावांत हे घरोघरी माहीत आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने या शहरासाठी ज्या गावांची जमीन घेतली, तिथली शेतं गेली तरी हौस गेली नाही. आजही थंडीत शेंगा आणून मोकळ्या जागेत मडकं लावणारी आगरी-कोळी घरं आहेत.

आता खरा घोळ. ‘दोन्ही भाजायचेच पदार्थ’ असं म्हटलं जातं आणि तिथेच गाडी चुकते. हुरडा भाजतात. पोपटी भाजत नाहीत, ती वाफेवर शिजते. जाळ बाहेर भडकलेला असतो म्हणून आपली फसगत होते. आतल्या एकाही शेंगेला आच थेट लागत नाही.

मडकं कसं भरतात ते पाहिलं की हे लगेच कळतं. तळाला भांबुर्डीचा पाला, हा भातकापणीनंतर शेतात आपोआप उगवतो, कुणी त्याला भामरुडही म्हणतं. त्यावर वालाच्या न सोललेल्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग अंडी, बटाटे, रताळी. चिकन घालायचं तर आलं-लसूण-मिरचीचं वाटण लावून, केळीच्या पानात बांधून मधल्या थरात. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ-ओवा, आणि शेवटी तोंडाशी भांबुर्डीचा पाला असा दाबून कोंबायचा की मडकं उलटं केलं तरी आतलं काही हलू नये. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही.

आणि मग ते खरोखरच उलटं करतात. तोंड जमिनीला, बूड वर. वाफ वर चढते, पण वर तर मडक्याचं बूड आहे, तिला जायला वाट नाही. खाली तोंड पाल्याने बंद. शेंगांचं स्वतःचं पाणी आणि पाल्याचा ओलावा यावरच सगळं शिजतं. चिकनचा रस शेंगांत उतरतो. भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या, झावळ्या रचून जाळ करतात. अर्ध्या-पाऊण तासाने कुणीतरी तापलेल्या बुडावर पाण्याचा शिपका मारतं. चर्र आवाज होऊन पाणी क्षणात उडालं की झालं. तोवर मडकं हलवायचं नाही, आत काय चाललंय ते बघायचं नाही. वाफ निसटली की शेंगा कोरड्या पडतात.

म्हणून पाल्याला मी इतकं महत्त्व देते. तो शोभेचा नाही. तोच झाकण, तोच ओलावा आणि तोच मसाला. त्याचा उग्र, किंचित कडवट वास ओव्याबरोबर शेंगांत मुरतो आणि त्या वासाशिवाय जे उरतं त्या उकडलेल्या शेंगा. पाला मिळाला नाही म्हणून कोबीची पानं लावणारे, तंदूरमध्ये चिकन भाजून त्याला ‘पोपटी चिकन’ म्हणणारे, अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यावर ठेवणारे, या कुणालाही पोपटीचे पैसे देऊ नका. पत्र्याच्या डब्यातली पोपटी मी नाइलाज म्हणून खाईन; पत्रा लवकर तापतो आणि कडेच्या शेंगा करपतात. पैसे मोजायचे असतील तर मातीचंच मडकं हवं.

गेल्या हिवाळ्यात कर्जतकडच्या एका ठिकाणी आम्हाला टेबलावर स्टीलच्या ताटात शेंगा, अंडं आणि चिकनचा तुकडा असं सजवून आणून दिलं. मडकं कुठे लावलंय विचारलं तर ‘मागे किचनमध्ये झालं’ म्हणाले. चव बरी होती. पण पोपटीतला निम्मा आनंद मडकं फोडण्या-उघडण्यात आहे आणि तोच त्यांनी गाळला होता. राखेतून काठीने मडकं बाजूला घेतात, तोंडाशी पाला काळा पडून खरपूस झालेला असतो. तो ओढला की पहिली वाफ येते आणि गोल करून उभे असलेले सगळे एकदम पुढे वाकतात. मग केळीच्या पानावर किंवा वर्तमानपत्रावर अख्खं मडकं ओततात. शेंगा मऊ, शेवाळी रंगाच्या, अंड्यांच्या कवचावर तपकिरी डाग. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात, साल बाजूला.

यातूनच वेळेचा फरकही येतो. हुरडा तासन्‌तास चालतो, मूठमूठ भाजत राहतात, तुम्ही उशिरा आलात तरी वाटा मिळतो. पोपटी एकदाच उघडते. ट्रॅफिकमध्ये अडकून मडकं उघडल्यावर पोचलात तर थंड शेंगा खाल. बुकिंग करताना जेवण किती वाजता हे विचारू नका, जाळ किती वाजता लावणार ते विचारा आणि त्याआधी पोचा.

फोनवर आणखी दोनच गोष्टी विचारून घ्या. पाला कुठला लावणार? आणि शेंगा वालाच्या की पावट्याच्या? पहिल्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर दुसरा विचारायची गरज नाही. तिथे हुरडासुद्धा असेल तर तो त्यांना राहू द्या म्हणून सांगा, त्याऐवजी एक मडकं जास्त लावायला सांगा.

घरात कुणी शाकाहारी असेल तर त्यांच्यासाठी वेगळं मडकं आधीच ठरवून घ्या. एकाच मडक्यात चिकन वेगळं बांधलं तरी रस सगळीकडे उतरतोच. नुसत्या शेंगा, रताळी आणि बटाट्यांचं मडकं कमी प्रतीचं मानू नका. माझी स्वतःची पसंती त्यालाच आहे, कारण त्यात भांबुर्डीचा वास कशाखाली दबत नाही.