हात कापतोय, पण पुरावा कुणी द्यायचा?

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून मामांचा फोन होता. ते स्वतः रिटायर्ड सुभेदार. विचारत होते, अरे तू तिकडं अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यात आहेस ना, मग रोज गोळ्या लागलेले पेशंट येतात का? म्हटलं नाही मामा, माझ्याकडं येतात ते पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा, डोक्यावर 'व्हिएतनाम वेटरन' लिहिलेली टोपी, एका हाताची बोटं मांडीवर पिठाची गोळी वळल्यासारखी हलत असतात, खुर्चीतून उठायचं तर तीनदा झोका घ्यायला लागतो, आणि दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. मामा म्हणाले, हे तर म्हातारपण झालं की, ह्यात लढाई कुठं आली?

प्रश्न अगदी बरोबर आहे. ह्या आजोबांना असतो पार्किन्सन्स, म्हणजे हालचाली बिघडवणारा मेंदूचा आजार, आणि तो सैन्यातल्या सेवेमुळं झाला का ह्यावर त्यांची सरकारी भरपाई ठरते. सैनिकांवर उपचार करणारे न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर, ह्याच प्रश्नाभोवती दीडशे वर्षं फिरतायत, म्हणून म्हटलं एकदा सगळं सलग लिहून काढावं.

सुरुवात फिलाडेल्फियापासून करू. अमेरिकन यादवी युद्धात तिथं टर्नर्स लेन नावाचं हॉस्पिटल होतं, खास नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, जखमांचं. सायलस वियर मिचेल, मोरहाउस आणि कीन हे तिघं डॉक्टर तिथं काम करायचे. गोळीनं नस दुखावल्यावर हाताची जी आग होते तिचं वर्णन त्यांनी 1864 मधे इतकं बारकाईनं केलंय की आजही वाचताना अंगावर येतं. पण गंमत बघा, त्याच तिघांनी त्याच वर्षी आणखी एक लेख लिहिला, सैनिक सोंग करतोय हे ओळखायचं कसं ह्यावर! ईथर देऊन झोपवायचं आणि शुद्धीवर येताना 'लुळा' हात हलतो का ते बघायचं, असल्या युक्त्या. म्हणजे सैनिकांचं न्यूरॉलॉजी जन्मालाच आलं ते एका डोळ्यात कळवळा आणि दुसऱ्या डोळ्यात संशय घेऊन.

पहिल्या महायुद्धात हा संशय फारच वाढला. 1915 मधे डॉक्टर चार्ल्स मायर्सनं लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. आधी वाटलं की तोफगोळ्याच्या धक्क्यानं मेंदूला इजा होते, मग ज्यांच्या जवळपाससुद्धा गोळा फुटला नव्हता असेही लोक थरथरत, वेडेवाकडे चालत, वाचा गमावून दवाखान्यात यायला लागले. 1917 पर्यंत ब्रिटिश लष्कराला त्या शब्दाचीच इतकी धास्ती बसली की पेशंटच्या कागदावर 'अजून निदान न झालेला, नर्व्हस' अशा अर्थाचा शेरा मारायचा आदेश निघाला. डॉक्टर आर्थर हर्स्टनं इंग्लंडमधल्या नेटली हॉस्पिटलात ह्या सैनिकांची फिल्म काढली, ती आजही शिकवताना दाखवतात. लंडनच्या क्वीन स्क्वेअर हॉस्पिटलात डॉक्टर लुईस यीलँड तर वाचा गेलेल्या सैनिकाच्या घशाला विजेचे झटके देऊन त्याला बोलतं करायचा, आणि 1918 मधे त्यानं ते अभिमानानं पुस्तकात लिहून ठेवलं. मला ते वाचून चीड येते, पण त्या माणसाला आपण बरं करतोय असंच वाटत होतं हेही खरं.

आज आपण त्यातल्या बऱ्याच जणांना फंक्शनल मूव्हमेंट डिसऑर्डर म्हणू. म्हणजे सोंग नाही, मेंदूची रचना शाबूत, पण चालवणारी यंत्रणा बिघडलेली. तपासणी साधी असते, पेशंटला दुसऱ्या हातानं माझ्या तालावर टिचक्या मारायला सांगायचं, फंक्शनल थरथर असेल तर ती बऱ्याचदा तोच ताल पकडते नाहीतर एकदम थांबते, पार्किन्सन्सचा हात मात्र आपल्याच लयीत हलत राहतो. पण हे निदान एखाद्या जुन्या सैनिकाला सांगताना मला अजूनही शब्द जपून वापरावे लागतात, कारण त्याला त्यात 'सोंग' हाच शब्द ऐकू येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांचं सरकारी खातं, व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन, ज्याला सगळे व्हीए म्हणतात, तिथं जनरल ओमर ब्रॅडली प्रमुख झाले आणि 1946 पासून व्हीएची हॉस्पिटलं मेडिकल कॉलेजांना जोडली गेली. आमच्यासारखे बाहेरून आलेले डॉक्टर तिथं शिकतात ते त्यामुळंच. ते असो.

खरी गोष्ट आहे एजंट ऑरेंजची. 1962 ते 1971 ह्या काळात ऑपरेशन रँच हँड नावाखाली अमेरिकन विमानांनी व्हिएतनामच्या जंगलावर आणि पिकांवर 7 कोटी लिटरहून जास्त तणनाशक फवारलं. पिंपांवर नारिंगी पट्टा असायचा म्हणून हे नाव. त्यात डायॉक्सिन मिसळलेलं होतं, अगदी थोड्या प्रमाणात पण अतिशय विषारी. व्हिएतनामी लोकांच्या अंगावर आणि जमिनीवर ते किती पडलं हा वेगळा आणि जास्त मोठा हिशोब आहे. सैनिक घरी आले, पुढं कॅन्सर वगैरे निघायला लागले, भांडणं झाली, आणि 1991 मधे एजंट ऑरेंज ॲक्ट आला. त्यानं दर काही वर्षांनी शास्त्रज्ञांच्या समितीनं सगळा पुरावा तपासायचा अशी सोय केली.

आता पार्किन्सन्सची अडचण समजून घ्या. साधारण 1947 सालचा जन्म असलेला पोरगा विशीत व्हिएतनामला गेला. हात कापायला लागला साठीत. आणि ज्यांनी आयुष्यात बंदूक बघितली नाही त्यांनाही पार्किन्सन्स साधारण साठीतच होतो! मेंदूत डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात, लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात, पण का गेल्या ह्याची पाटी त्यांच्यावर नसते. समोर बसलेल्या ह्या एका माणसाला फवारणीमुळं झाला की तसाही झालाच असता, हे जगातला कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट सांगू शकत नाही. हे कारण स्कॅनमधे दिसत नाही, रक्तात दिसत नाही. व्हीएचा भरपाईचा नियम तसा उदार आहे, 'निदान निम्मी शक्यता' असली तरी चालतं, पण तेवढंसुद्धा छातीवर हात ठेवून लिहायचं कसं?

म्हणून 'गृहीत धरणं' ही कायद्यातली युक्ती कामाला आली. समितीनं पूर्वी पार्किन्सन्सबद्दल 'पुरावा अपुरा' म्हटलं होतं. 2009 च्या अहवालात तो एक पायरी वर गेला, 'मर्यादित किंवा सूचक पुरावा', आणि तोही मुख्यतः शेतात औषधं फवारणाऱ्या वगैरे लोकांच्या अभ्यासांवरून. ऑक्टोबर 2009 मधे व्हीएचे तेव्हाचे सचिव एरिक शिनसेकी, जे स्वतः व्हिएतनाममधे जखमी झाले होते, त्यांनी जाहीर केलं की तिथं सेवा केलेल्याला पार्किन्सन्स झाला तर तो सेवेमुळंच असं धरायचं. ऑगस्ट 2010 पासून नियम लागू. फवारणी थांबल्याला तोवर जवळजवळ 40 वर्षं झाली होती, बरेच जण वाट बघत बघत गेले. पुढं 2020 पासून किनाऱ्याजवळच्या बोटींवरचे नौसैनिक त्यात आले, आणि 2021 मधे पार्किन्सन्ससारखेच दिसणारे इतर आजारही यादीत आले.

मला स्वतःला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. जे विज्ञान एका माणसाबद्दल सांगू शकत नाही ते समूहाबद्दल सांगतं, मग शंकेचा फायदा कुणाला द्यायचा हे ठरवणं डॉक्टरचं कामच नाही.

कॅम्प लेज्यूनचंही तसंच. नॉर्थ कॅरोलायनातला मरीन सैनिकांचा तळ, 1953 ते 1987 पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीनसारखी ग्रीस काढायची, कपडे ड्रायक्लीन करायची रसायनं. ह्या पाण्यामुळं झाले असं धरायच्या आजारांच्या यादीत 2017 मधे पार्किन्सन्स आला. आणि 2023 मधे अभ्यास निघाला, कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनच्या मरीन्सपेक्षा लेज्यूनवाल्यांमधे पार्किन्सन्सचा धोका 70 टक्के जास्त. म्हणजे इथं कायदा आधी आणि पक्का पुरावा नंतर. सेवेत डोक्याला मध्यम किंवा गंभीर मार लागल्यावर होणारा पार्किन्सनिझम, म्हणजे पार्किन्सन्ससारखीच लक्षणं, हाही 2014 पासून सेवेमुळं झाला असं धरतात.

उपचारांचं म्हणाल तर 2001 मधे व्हीएनं खास पार्किन्सन्सची सहा केंद्रं काढली, ह्यूस्टन, फिलाडेल्फिया, सॅन फ्रान्सिस्को वगैरे. मेंदूत तार घालून वीज देण्याची शस्त्रक्रिया, डीबीएस, तिची मोठी परीक्षाही इथल्याच पेशंटवर बरीचशी झाली. 2009 चा निकाल, 255 पेशंट, सहा महिन्यांनी तार घातलेल्यांना दिवसाचे सरासरी 4.6 तास जास्त चांगले मिळाले, नुसत्या औषधवाल्यांना शून्य. यीलँडची वीज आणि ही वीज, मधे 90 वर्षं.

आणि हो, भरपाईच्या नियमपुस्तकात पार्किन्सन्सचं नाव अजून 'पॅरालिसिस ॲजिटान्स' असंच आहे, जेम्स पार्किन्सननं 1817 मधे वापरलेलं!

मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आपल्याकडं पण पेन्शनच्या कागदावर सेवेमुळं झाला की सेवेत वाढला असं विचारतात. बरोबर आहे. 2013 मधे आपल्या सुप्रीम कोर्टानं फिट्स येणाऱ्या एका सैनिकाच्या केसमधे सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो धडधाकट होता असं धरा, आणि सेवेमुळं नाही झाला हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर. तत्त्व तेच.

त्यामुळं आमच्या नोटमधला एकेक शब्द पैशाचा होतो. सुरुवातीला मी एकदा आळसानं नुसतं 'हाताला थरथर' लिहिलं, आजाराचं नाव लिहिलंच नाही, आणि त्या आजोबांचा अर्ज परत आला, माझ्यामुळं चार महिने गेले. दुसऱ्या एकांची गोष्ट उलटी. थरथर जोरात, पण कप उचलताना, मांडीवर हात ठेवला की शांत. कागदावर गोल गोल चकली काढायला सांगितली तर रेघ करवतीसारखी, पण पार्किन्सन्ससारखं अक्षर बारीक होत नव्हतं. डोपामिनचा स्कॅन केला, नॉर्मल. म्हणजे एसेन्शियल ट्रेमर, हात कापण्याचा वेगळाच आजार, आणि तो एजंट ऑरेंजच्या यादीत नाही. मी आनंदानं सांगितलं की तुम्हाला पार्किन्सन्स नाहीये. ते थोडा वेळ स्कॅनकडं बघत बसले, मग घरून भरून आणलेला फॉर्म चार घड्या घालून टोपीत ठेवला आणि विचारलं, "डॉक्टर, पुढच्या वर्षी परत बघाल का?"