गॅमा किरणांतले जोडतारे: एका फेरीत न सुटणारं गणित

कार्तिकातल्या रात्री रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेच्या बांधावरून उत्तरेला पाहिलं, की सातपुड्याच्या काळ्या रेघेच्या बऱ्याच वर शर्मिष्ठा दिसते. तिच्याच हद्दीत नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक तारा आहे. नाव अगदीच रुक्ष, एलएस आय +६१ ३०३. हौशी दुर्बिणीतून पाहिलात तर एक फिकट ठिपका दिसेल आणि ‘यात काय बघायचं?’ असंच वाटेल.

बघायचं ते गॅमा किरणांत. गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, पण त्याच्या एकेका कणाची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या कोट्यवधी पट. हा तारा एकटा नाही. सूर्यापेक्षा कितीतरी वजनदार अशा या ताऱ्याभोवती एक लहान पण अतिघन सोबती दर २६.५ दिवसांनी फेरी मारतो, आणि त्याच तालात गॅमा किरण कमी-जास्त होतात. गोष्ट इथेच संपली असती तर दोन महिन्यांच्या निरीक्षणात काम भागलं असतं. पण त्या तालाखाली आणखी एक संथ ताल आहे, सुमारे साडेचार वर्षांचा. तो आधी रेडिओ लहरींत सापडला, मग गॅमा किरणांतही दिसला. खान्देशात एका पावसाळ्यावरून कोणी पाऊसमान सांगत नाही, तसंच हे.

हा संथ ताल कशामुळे? बहुतेकांचा कल ताऱ्याभोवतीच्या वायूच्या चकतीकडे आहे. असे तारे इतक्या वेगाने स्वतःभोवती फिरतात, की त्यांच्या विषुववृत्तावरून वायू बाहेर पसरून चकती तयार होते. ती काही वर्षांत फुगते, काही वर्षांत विरते. सोबती पल्सार असावा हा अंदाज जुनाच होता. २०२२ मध्ये चीनच्या ‘फास्ट’ रेडिओ दुर्बिणीने तिथून येणारे ०.२७ सेकंदांच्या अंतराचे स्पंद जाहीर केले, तेव्हा तो बळकट झाला.

पल्सार म्हणजे वेगाने गरगरणारा न्यूट्रॉन तारा. तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने कणांचा झोत बाहेर टाकतो. मोठ्या ताऱ्याचाही स्वतःचा वारा असतोच. दोन्ही जिथे भिडतात तिथे इलेक्ट्रॉन प्रचंड ऊर्जा कमावतात. ताऱ्याच्या प्रकाशाचे कण वाटेत आले की त्यांना ते अशी धडक देतात, की त्यांचेच गॅमा किरण होतात. गंमत अशी, की ताऱ्याचा हाच प्रकाश सर्वाधिक ऊर्जेचे गॅमा किरण गिळूनही टाकतो. म्हणून एलएस ५०३९ या ३.९ दिवसांच्या जोडीत मध्यम ऊर्जेचे गॅमा किरण वाढतात तेव्हा अतिऊर्जेचे घटतात. सोबती ताऱ्याच्या पलीकडे आहे की अलीकडे, यावर सगळा खेळ.

माझ्या मते या कुळातली सर्वांत खट्याळ जोडी आहे पीएसआर बी१२५९-६३. ती त्रिशंकूच्या शेजारी आहे. आपल्याकडून ती दक्षिण क्षितिजावर जेमतेम ५ अंश वर येते, त्यामुळे चाळीसगावकरांना ती डोंगराआडच राहणार. (त्याच डोंगराच्या कुशीत, पाटण्याला, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख आहे. खान्देशात आकाशाचा अभ्यास काही आज सुरू झालेला नाही.)

या जोडीतला पल्सार सेकंदाला सुमारे २१ वेळा फिरतो आणि १,२३७ दिवसांत एक फेरी पुरी करतो. कक्षा फार लांबट आहे. बहुतेक काळ तो दूर असतो आणि मग पृथ्वी-सूर्याइतक्या अंतरावर येऊन झपकन वळसा घालतो. ताऱ्याची चकती कक्षेशी तिरकी असल्याने या वळशात तो ती दोनदा भेदतो, आणि तेव्हा क्ष-किरण व रेडिओ लहरी वाढतात. इथवर सगळं समजण्यासारखं.

डिसेंबर २०१० च्या भेटीनंतर मात्र नवल घडलं. चकती ओलांडून झाली, सगळं निवळलं असं वाटत असताना, भेटीनंतर सुमारे ३० दिवसांनी गॅमा किरणांचा भडका उडाला. पल्सारच्या फिरण्यातून जेवढी ऊर्जा सुटते, जवळजवळ तेवढी सगळी त्यात ओतली जात होती! २०१४ मध्ये भडका पुन्हा त्याच सुमारास आला, आणि ‘सापडला नियम’ असं म्हणायला वाव मिळाला. २०१७ मध्ये तो ४० दिवसांवर गेला, तोही काही मिनिटांत चढणाऱ्या-उतरणाऱ्या उसळ्यांसह. २०२१ मध्ये ५५ दिवसांवर. पहिल्या दोन भेटींवर विसंबून सिद्धांत मांडणाऱ्यांची पंचाईत झाली.

याहून लांबलेली जोडीही आहे. हंस तारकासमूहातला पीएसआर जे२०३२+४१२७ सापडला तेव्हा एकटाच समजला गेला. त्याच्या स्पंदांची वेळ वर्षानुवर्षं मोजली, तेव्हा कुठे लक्षात आलं की तो एका मोठ्या ताऱ्याला बांधलेला आहे, आणि फेरी जवळपास ५० वर्षांची! तो नोव्हेंबर २०१७ मध्ये ताऱ्याजवळून गेला. आता पुढची भेट पाहायला नवे लोक लागतील.

हा हिशेब ठेवणारी मुख्य दुर्बीण आहे ‘फर्मी’. जून २००८ पासून ती पृथ्वीभोवती फिरते आहे. तिची वाट अधूनमधून खान्देशावरूनही जाते. दर ३ तासांनी ती अख्खं आकाश चाळते. मार्च २०१८ मध्ये तिचं एक सौरपंख फिरवणारं यंत्र अडकलं आणि पाहणीचं वेळापत्रक नव्याने बसवावं लागलं, पण वही बंद पडली नाही. अतिऊर्जेच्या किरणांसाठी मात्र जमिनीवरच्याच दुर्बिणी लागतात. नामिबिया, ला पाल्मा, ॲरिझोना आणि आता आपल्या लडाखमधल्या हानले इथली २१ मीटर व्यासाची ‘मेस’. त्या वातावरणात उमटणारी निळसर क्षणिक चमक टिपतात. त्यांना अंधारी, निरभ्र रात्र हवी, म्हणून त्यांच्या नोंदींत खाडे पडतात.

‘फर्मी’च्या नोंदी फुकट आणि खुल्या आहेत. जळगाव-धुळ्याच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लॅपटॉपवर त्या उतरवून २६.५ दिवसांचा ताल स्वतः काढता येईल. सॉफ्टवेअर शिकायला थोडा त्रास आहे, पण महागडं काही लागत नाही. बी१२५९-६३ ची पुढची भेट नोव्हेंबर २०२७ च्या सुमारास आहे. सराव करायला वेळ आहे. भडक्याची तारीख मात्र कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर आधी त्याला २०२१ चं काय झालं ते विचारा.