बाईक न्यायची की कार? ट्रॅक डेला निघण्याआधी वाचा

ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या बंद ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवशी, बाईक न्यायची की कार, हा प्रश्न आमच्या इंदूरच्या गॅरेजमध्ये आठवड्यातून दोनदा तरी येतो, म्हणून एकदाचा लिहूनच काढला. रात्री सुपर कॉरिडॉरवर गाडी पळवणाऱ्या मंडळींना आधी एक सांगतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, दंडही होतो आणि कैदही होऊ शकते. त्यासाठी गाडी तयार करून मागाल, तर आम्ही नाही म्हणू.

"पीथमपूर जवळच आहे की" असंही बरेच जण म्हणतात. तिथला 11.3 किलोमीटरचा लंबगोल हायस्पीड ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला, पण ते मुळात वाहनांच्या चाचणीचं केंद्र आहे. शिवाय लंबगोलावर वेग मिळतो, वळण घ्यायला शिकता येत नाही. त्यासाठी ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट (5.125 किलोमीटर), चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक (3.7 किलोमीटर) किंवा कोईम्बतूरचा लहानगा करी स्पीडवे (2.1 किलोमीटर) गाठावा लागतो. इंदूरहून तिन्ही लांबच. बाईक पिकअपमध्ये बांधून नेता येते. कार मात्र बहुतेक जण चालवत नेतात आणि ट्रॅकवर तिला काही झालं तर परतीचा प्रश्न उभा राहतो. म्हणून टोईंगचा नंबर आधीच मोबाईलमध्ये ठेवा.

आता मुद्द्याचं. कार न्यायची असेल तर आधी ब्रेक बघा, बाईक न्यायची असेल तर आधी चालवणारा.

कारचं वजन माणसासकट बाराशे किलो धरा, बाईकचं स्वारासकट अडीचशे. एकाच वेगावरून थांबवताना कारच्या ब्रेकमध्ये जवळजवळ पाचपट उष्णता तयार होते. त्यात वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. राजवाडा भागातल्या गर्दीत वर्षभर बिनतक्रार चाललेले पॅड ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीत हात टेकू शकतात. त्याहून वाईट ब्रेक ऑइलचं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शिरल्यावर हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरते. ते उकळलं की वाफ होते, पेडल थेट तळाला जातं, आणि हे नेमकं सरळ रस्त्याच्या शेवटी कळतं. म्हणून ट्रॅकला जाणाऱ्या प्रत्येक कारचं ब्रेक ऑइल आम्ही बदलतोच, "सहा महिन्यांपूर्वी बदललंय" म्हणालात तरी. सेशन संपल्यावर एक फेरी सावकाश मारा आणि पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा. तापलेले पॅड डिस्कला चिकटतात.

बाईकचं गणित वेगळं. कारमध्ये चूक झाली तर गाडी घसरते, फिरते, बहुतेक वेळा मातीत जाऊन थांबते आणि तुम्ही शिव्या देत परत येता. बाईक झुकलेली असताना तीच चूक केलीत तर तुम्ही जमिनीवर. म्हणून बाईकवाल्यांना आमचा पहिला प्रश्न सूटचा असतो. एकसंध लेदर सूट किंवा कमरेशी चेनने जोडलेला दोन भागांचा, पाठीला प्रोटेक्टर, मनगट झाकणारे ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वर येणारे बूट, फुलफेस हेल्मेट. जीन्सवर नी-गार्ड बांधून आलात तर गेटवरूनच परत पाठवतील. कारसाठी हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पातळ तळव्याचे बूट एवढ्यावर बहुधा भागतं. डिकीतली स्टेपनी, पाना, गणपतीची मूर्ती, सगळं काढून ठेवा.

बाईकमध्ये रेडिएटर असेल तर आम्ही कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी भरतो. कूलंटमधलं ग्लायकॉल सांडलं तर ट्रॅकवर तेलासारखं निसरडं होतं, आणि मागून येणारा पडतो. घरी आल्यावर कूलंट परत भरून घ्या, विसरू नका. रस्त्यावर मागच्या टायरला 36 हवा ठेवत असाल तर थंड टायरमध्ये तेवढीच भरून ट्रॅकवर उतरू नका, तापल्यावर ती वाढते. नेमका आकडा टायर बघून सांगू.

दोघांसाठी एक कटू गोष्ट. तुमच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवरचं नुकसान स्वतःच्या खिशातून भरायच्या तयारीनेच जा.

आमचं मत विचारलंत तर पहिल्यांदा जाताय, सूट नाही, घरी कार आहे, तर कारच न्या. बाईकची हौस असेल तर आधी सूट, मग ट्रॅक. आणि सकाळी पोहे-जिलेबी भरपेट हाणून हेल्मेट चढवू नका, आम्ही ते एकदा करून पाहिलंय.

गाडी किमान दहा दिवस आधी आणून द्या. बाईकचे आरसे आम्ही काढून देतो. आरशांच्या पिशवीवर स्वतःचं नाव लिहा. मागच्या खेपेच्या दोन पिशव्या अजून काउंटरमागे पडल्या आहेत.