ब्रेक ‘ऑइल’ तेल का नव्हे: जुन्या गाडीच्या कॅलिपरबदलाची पार्श्वभूमी

जुन्या गाडीचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती पॅडमध्ये दाबून धरणारे भाग, घरीच बदलायला घेतलेला माणूस दुकानात ‘ब्रेक ऑइल’ मागतो आणि दुकानदार त्याच्या हाती ग्लायकॉल ईथरची बाटली ठेवतो. बाटलीत तेल नसते, तरी नाव अगदीच निराधार नाही, कारण एके काळी त्या नळ्यांमधून खरोखर एरंडेल वाहत होते.

विमाने बांधणाऱ्या लॉकहीड बंधूंपैकी माल्कम यांनी पायाचा दाब द्रवामार्फत चाकांपर्यंत नेण्याची युक्ती विकसित केली. १९२१च्या ड्युसेनबर्गमध्ये ती चारही चाकांना लागली आणि १९२४च्या क्रायसलरमध्ये चामड्याच्या गळक्या वॉशरांच्या जागी रबरी कप आले. नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगते, एरंडेलाने फुगत नाही. म्हणून अल्कोहोलमध्ये एरंडेल मिसळलेला द्रव वापरात आला. आजही घाईत इंजिन ऑइलने ब्रेकची टाकी भरणाऱ्याला सगळे रबर बदलावे लागते, ते या जुन्या वैरामुळेच.

चाकाबरोबर फिरणारी चकती दाबून गाडी थांबवणाऱ्या डिस्क ब्रेकची कल्पना त्याहून जुनी. ब्रिटिश अभियंते लँचेस्टर यांनी १९०२मध्येच तिचे पेटंट घेतले होते, पण तिचा दबदबा वाढला तो १९५३च्या ल माँ शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार जिंकल्यावर. आपल्याकडे कुर्ल्यात तयार होणारी पद्मिनी चारही चाकांच्या ड्रम ब्रेकवर थांबत राहिली. पुढच्या चाकांची डिस्क सामान्य कुटुंबाच्या दारात आणली ती मुख्यतः मारुती ८००ने.

डिस्कने उष्णतेचा प्रश्न मात्र द्रवाच्या अगदी जवळ आणला. पॅड तापले की उष्णता पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनमधून थेट द्रवात उतरते, द्रव उकळला की वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने घाटउतारावर पेडल तळाला टेकते. म्हणून उत्कलनबिंदूची मानके ठरली. अमेरिकी परिवहन खात्याची आद्याक्षरे मिरवणारा ‘डॉट ३’ कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतो, तर सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १४० अंशांची हमी उरते. ‘डॉट ४’साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ग्लायकॉलचे पाणी शोषणे हा दोष म्हणून सांगितला जातो, पण मला तो अर्धा गुणच वाटतो: सिलिकॉनच्या ‘डॉट ५’मध्ये पाणी मिसळत नाही, त्यामुळे ते थेंबाथेंबाने खोलगट जागी साठते आणि तिथेच गंज धरतो. अर्थात ग्लायकॉलही वर्षानुवर्षे तसाच ठेवला तर गंज चुकत नाही. कोकणातल्या दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचा पिस्टन बाहेर काढला, तर चकचकीत क्रोमवर तपकिरी खड्डे दिसतात. चौकोनी छेदाचे रबरी सील पेडल दाबताना किंचित पिळते आणि सोडताच पिस्टनला केसभर मागे ओढते. खड्ड्यांत अडकलेला पिस्टन मात्र मागे सरत नाही, पॅड डिस्कला घासत राहते आणि एकच चाक तापते.

कॅलिपर बदलल्यावर हवा काढण्याची रीत ड्रमच्या काळापासून तीच आहे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने हवा सोडणारा निपल पाव फेरा सैल करून पुन्हा आवळायचा, आणि त्यानंतरच पहिल्याने पाय उचलायचा. डावा-उजवा कॅलिपर दिसायला इतके सारखे असतात की अदलाबदल सहज होते. तशी झाली तर निपल खाली येतो, हवा वरच्या पोकळीत अडून राहते आणि कितीही द्रव ओतला तरी पेडल मऊच लागते.