बालगृह (महाराष्ट्र)

आईवडील नसलेल्या, टाकून दिलेल्या किंवा घरी सांभाळ होऊ न शकणाऱ्या १८ वर्षांखालील मुलांची नोंदणीकृत निवासी संस्था. लोकांच्या तोंडी ‘अनाथाश्रम’ हाच शब्द आहे. काहीजण ‘रिमांड होम’ही म्हणतात, पण ते चूक, गुन्ह्याचा आरोप असलेली मुले निरीक्षणगृहात राहतात. ‘अनाथ’ हेही अर्धेच खरे. बालगृहातल्या अनेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात, फक्त गरिबी, आजार, दारू किंवा दुसरे लग्न आड आलेले असते. अशी मुले नातेवाइकांकडेच वाढावीत म्हणून राज्यात बालसंगोपन योजना आहे.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेव्हा प्रश्न अनाथांपेक्षा विधवांचा होता. पुनर्विवाहाला समाजाची बंदी आणि मूल झाले तर त्याचा गळा घोटण्यावाचून वाट नाही, अशी स्थिती होती. काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंतला, फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. पंढरपुरात १८७५ मध्ये न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह सुरू झाले आणि प्रार्थना समाजाने ते चालवले.

आज बालगृह बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार चालते. मूल थेट संस्थेत ठेवून घेता येत नाही. देवळाच्या पायरीवर किंवा एसटी स्थानकात सापडलेल्या मुलाची पोलिसांत नोंद होते आणि २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) ते बाल कल्याण समितीसमोर न्यावे लागते. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीच्या आदेशावरच प्रवेश मिळतो. अगदी तान्ही बाळे विशेष दत्तक संस्थेत जातात. मग वृत्तपत्रात फोटोसह जाहिरात देऊन पालकांचा शोध घेतला जातो. कोणी आलेच नाही, तर दोन वर्षांपर्यंतचे बाळ दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे मूल चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करता येते. स्वतःहून बाळ समितीकडे सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात.

बालगृह चालवणे म्हणजे दोन वेळचे जेवण, अशी दात्यांची समजूत असते. अधीक्षकाचा खरा दिवस कागदांत जातो. जन्मतारीख माहीत नसेल तर वय डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचे. नाव नसेल तर ठेवायचे. शाळेच्या अर्जातला वडिलांच्या नावाचा आणि जातीचा रकाना रिकामा, त्याचे उत्तर शोधायचे. जातीचा दाखला नाही म्हणून सवलतीही नाहीत, ही अडचण मोठी होती. म्हणून महाराष्ट्राने अनाथ प्रमाणपत्राची सोय केली आणि २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण ठेवले.

रोजचा भार काळजीवाहकांवर असतो. रात्री अंथरूण ओले करणारे मूल, खिशात चपात्या लपवणारे मूल, ‘आई कधी येणार’ विचारणारे मूल त्यांच्याच वाट्याला येते. पगार मात्र बेताचे, त्यामुळे माणसे टिकत नाहीत आणि मुलांना जीव लावलेला चेहरा पुन्हा हरवतो. इमारतीच्या निकषांहून ही बाब महत्त्वाची, पण तपासणीच्या तक्त्यात ती मावत नाही. सुटीच्या दिवशी केक घेऊन येणारे पाहुणेही अडचणीचेच ठरतात. त्यांना फोटो हवा असतो आणि अशा मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार शिक्षापात्र आहे.

वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की बालगृह सोडावे लागते. पुढे २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहाची (बालगृहातून बाहेर पडलेल्यांच्या निवासाची) सोय आहे, पण तिथे सर्वांना जागा मिळेल असे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर येथे टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकर यांनी (पद्मश्री, २०२४) आपले आडनाव मुलांना दिले. अशी मुले १८ नंतर जाणार कुठे, हा प्रश्न लावून धरत त्यांनी ती मोठी झाल्यावरही आपल्याजवळच ठेवली.