गॅस टर्बाईनचं पातं आणि स्टीम टर्बाईनचं पातं: एकाचा वैरी उष्णता, दुसऱ्याचा वैरी पाणी

महानिर्मितीच्या उरणच्या वायू विद्युत केंद्रात दोन्ही जातींची टर्बाईन एकाच आवारात आहेत. १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाईन, आणि त्यांच्या एक्झॉस्टच्या उष्णतेवर वाफ करून चालणारी १२० मेगावॅटची दोन स्टीम टर्बाईन. दोन्हींचे रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतात, कारण वीज ५० हर्ट्झच्या एकाच ग्रिडला द्यायची असते. पाती शेजारी ठेवली तर तोंडवळाही बराच सारखा दिसतो. त्यामुळे दोन्ही पाती 'स्टेनलेसचीच' असं समजणारे पुष्कळ भेटतात. ती तशी नसतात. एकाचा धातू उष्णतेत तग धरण्यासाठी निवडलेला असतो, दुसऱ्याचा गंज आणि ओल्या वाफेत टिकण्यासाठी.

काम करण्याची रीत दोन्हीकडे तीच. स्थिर पात्यांची रांग प्रवाहाला वेग आणि दिशा देते, फिरत्या पात्यांची रांग त्याला वळवते आणि त्या वळण्यातून रोटरला रेटा मिळतो. फरक दाब तयार करण्यात आहे. बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या पंपाला टर्बाईनच्या शक्तीचा अगदी थोडा भाग पुरतो. गॅस टर्बाईनला मात्र हवा दाबावी लागते, आणि त्याचा कॉम्प्रेसर टर्बाईनची निम्मी किंवा त्याहून जास्त शक्ती स्वतःच खातो. उरलेल्यातून वीज काढायची तर वायू शक्य तितका गरम हवा. म्हणून आजच्या मोठ्या मशीनमध्ये पहिल्या रांगेवर येणारा वायू १३०० अंश सेल्सिअसच्या वर असतो. निकेलचे सुपरअलॉय, म्हणजे उष्णतेत ताकद टिकवणारे मिश्रधातू, साधारण १२५० ते १३५० अंशांना वितळू लागतात, म्हणजे पातं स्वतःच्या वितळणबिंदूच्या आसपासच्या किंवा त्याहून गरम वायूत उभं असतं.

ते टिकतं ते तीन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे धातू. निकेलमध्ये ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम घातलं की आत मायक्रॉनहूनही बारीक, घनाकार कण तयार होतात. त्यांना गॅमा प्राइम म्हणतात आणि उच्च तापमानाला धातू सरकू न देण्याचं काम तेच करतात. दुसरी गोष्ट कूलिंग. कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा पात्याच्या मुळातून आत शिरते, पोकळ नागमोडी वाटांमधून फिरते आणि बारीक छिद्रांतून बाहेर पडून पृष्ठभागावर थंड थर धरते. तिसरी गोष्ट कोटिंग. आधी गंजरोधक बाँड कोट, त्यावर यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा मिलिमीटरच्या अंशाएवढा सिरॅमिक थर.

आतल्या पोकळ वाटांमुळे हे पातं घडवता येत नाही, ओतावंच लागतं. मेणाच्या प्रतिकृतीत सिरॅमिकचा गाभा ठेवतात, बाहेरून सिरॅमिकचे थर चढवतात, मेण वितळवून काढतात, निर्वातात धातू ओततात आणि शेवटी गाभा कॉस्टिकनं विरघळवून काढतात. साचा भट्टीतून मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथ गतीनं खाली ओढला की धातूचे कण पात्याच्या लांबीत उभे वाढतात. तळाशी गुंडाळीसारखी अरुंद वाट ठेवली तर त्यातून एकच स्फटिक वर येतो. हा खटाटोप क्रीपसाठी. सततच्या ताणाखाली तापलेला धातू हळूहळू लांबतो आणि आडव्या कणसीमांवर फाटतो. धातूचं तापमान साधारण १० ते १५ अंशांनी वाढलं की क्रीपचं आयुष्य निम्मं होतं, हा हिशेब या धंद्यात तोंडपाठ असतो. एक कूलिंग छिद्र बुजलं तरी त्यामागे जळालेला पट्टा का दिसतो, ते यावरून कळेल.

समुद्रकाठी यात मिठाची भर पडते. फिल्टरमधून निसटलेलं सोडियम इंधनातल्या गंधकाशी मिळून सोडियम सल्फेट होतं आणि ते वितळून धातूवरचा संरक्षक ऑक्साइड खाऊन टाकतं. इन्कोनेल ७३८ या निकेलच्या मिश्रधातूत १६ टक्के क्रोमियम असतं ते यासाठीच. सीएमएसएक्स-४ या एकस्फटिक मिश्रधातूत ते ६.५ टक्केच असतं, म्हणजे त्याची भिस्त कोटिंगवर. खाडीकाठच्या जुन्या मशीनसाठी 'नवा म्हणजे चांगला' हा निकष म्हणूनच लावू नये.

स्टीम टर्बाईनमध्ये वाफ बहुधा ५४० अंशांच्या आसपास आत येते. तिथे निकेलची चैन लागत नाही; १२ ते १३ टक्के क्रोमियमचं मार्टेन्सिटिक (तापवून झटकन थंड करत कठीण केलेलं) स्टील पुरतं. पाती बारमधून किंवा फोर्जिंगमधून कापून काढतात, आतून भरीव. खरा त्रास शेवटच्या रांगांत. वाफ कंडेन्सरच्या व्हॅक्यूमकडे जाताना शेकडो पटींनी फुगते, त्यामुळे सुरुवातीचं काही सेंटिमीटरचं पातं शेवटी मीटरभर होतं. अशा २० किलोच्या पात्याचं वजन रोटरच्या मध्यापासून १.१ मीटरवर धरलं तर ३००० फेऱ्यांना मुळावर सुमारे २२० टनांची ओढ येते. त्याच आकाराचं टायटॅनियमचं पातं हलकं असल्यामुळे ती सव्वाशे टनांवर येते. फार लांब पात्यांसाठी टायटॅनियम घेतात ते ताकदीपेक्षा वजनासाठी.

शिवाय तिथे वाफ ओली असते. पाणी स्थिर पात्यांवर पातळ थरानं साचतं, कडेवरून मोठे थेंब होऊन सुटतं. थेंब संथ, आणि मध्यापासून १.५ मीटरवरचं पात्याचं टोक सेकंदाला ४७० मीटर धावतंय, त्यामुळे पातंच थेंबावर जाऊन आदळतं. झीज पाहायची तर टोकाजवळची पुढची कड पाहा: आधी खरखरीत, मग करवतीसारखी. म्हणून त्या कडेवर स्टेलाइट या कोबाल्टच्या कठीण मिश्रधातूची पट्टी ब्रेझ करतात (झाळतात) किंवा कड कठीण करून घेतात. कंडेन्सरला खारं पाणी असेल आणि नळी गळली, तर क्लोराइड बॉयलरमार्गे वाफेत येऊन, वाफ जिथे प्रथम ओली होते त्या रांगांवर बसतं. खड्डा पडतो, खड्ड्यातून कंपनानं तडा जातो.

ओव्हरहॉलच्या टेबलावर ओळखायची सोपी युक्ती म्हणजे चुंबक. स्टीमचं मार्टेन्सिटिक पातं घट्ट चिकटतं, निकेलचं सहसा चिकटत नाही, टायटॅनियमचं तर नाहीच. तडे शोधण्याची रीतही त्यावरूनच ठरते: स्टीलला मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबकीय भुकटी) चालतं, निकेल आणि टायटॅनियमला फ्लुरोसंट पेनेट्रंट (तड्यात शिरणारा चमकता द्रव).

टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांत असतात तसे बॅकप्रेशर टर्बाईन वेगळे. त्यांची वाफ प्रोसेसला जाते, व्हॅक्यूम नसतं, त्यामुळे थेंबांची झीज क्वचितच. तिथे पाती बिघडवतो तो बॉयलरचा कॅरीओव्हर, म्हणजे वाफेबरोबर वाहून येणारं बॉयलरचं पाणी. ड्रमची पातळी वर गेली किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढला की क्षार पात्यांवर बसून वाट अरुंद होते. लोड आणि वाफेचा प्रवाह तोच असताना व्हील चेंबरचा (पहिल्या रांगेनंतरच्या कप्प्याचा) दाब महिन्यागणिक चढताना दिसला, तर आधी ब्लोडाऊन (बॉयलरचं क्षारयुक्त पाणी काढून टाकणं) तपासा, मग संपृक्त वाफेनं धुण्याचं ठरवा. धुताना तापमान उत्पादकानं दिलेल्या गतीपेक्षा वेगानं उतरवू नका, नाहीतर रोटर वाकतो.